काळ्या मातीतले तांबडे चंडोल

नकाशावरचा सातवा ठिपका काढताना माझा हात थांबला.

रविवारची दुपार होती. नैरोबीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाचं टेबल पुसून, त्यावर ट्रेसिंगचा कागद चिकटवून मी बसलो होतो. समोर माझी बायको, कुमुद, तिच्या लेखाची शेवटची पानं टाइप करत होती. लेख शुक्रवारी लंडनला पोस्टाने जायचा होता. नकाशा तिने पेन्सिलीने काढला होता. माझा हात स्थिर, म्हणून शाईचं काम माझ्याकडे. नदी झाली, रेल्वे झाली. मग जिथे तिचे अकरा पक्षी मिळाले होते, त्या अकरा जागांचे ठिपके सुरू केले.

सातव्याला लक्षात आलं, की ही रेघ आपण ओळखतो. नदीपासून सरळ पूर्वेला, टेकडी टाळायला दक्षिणेकडे एक वळण, मग पुन्हा पूर्वेला. वर्षभर ती माझ्या साइट ऑफिसच्या भिंतीवर टांगलेली होती. तो आमचा रस्ता होता. कोणत्याही छापील नकाशात तो अजून आलेला नव्हता, म्हणून कुमुदच्या नकाशातही नव्हता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"निब अडकतंय."

"धुऊन घ्या. डाग पडला तर मला परत काढावा लागेल."

मी निब धुतलं. उरलेले चार ठिपके काढले. सगळे त्याच रेघेवर पडले.

हे १९७४ सालचं. मी एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत माती तपासायचं काम करत होतो. मी मूळचा हुपरीचा, डिप्लोमा करून तिकडे गेलेला. नऊ वर्षं झाली होती. कुमुद मिरजेची. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. होती आणि पुढचं शिक्षण लग्नामुळे राहिलेलं. नैरोबीत ती सकाळी एका मुलींच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी संग्रहालयात जाऊन पक्ष्यांच्या कपाटांपुढे बसायची. तिथे तिला पगार नव्हता. मूलबाळ आम्हाला नव्हतं. तिचा वेळ त्या कपाटांत जायचा आणि माझा मातीत.

तिचा पक्षी म्हणजे तांबड्या मानेचा चंडोल. चिमणीपेक्षा मोठा, दिसायला साधा. झुडपाच्या शेंड्यावर नाही तर वाळवीच्या वारुळावर बसून शीळ घालतो. आफ्रिकेत तो लांबवर पसरलेला आहे आणि मुलखागणिक त्याचा रंग थोडा बदलतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या विसाहून जास्त उपजाती मांडल्या आहेत. साधारण नियम असा, की जशी जमीन तशी पाठ. तांबड्या मातीवर तांबडा, करड्या मातीवर करडा. वरून ससाण्याला दिसू नये म्हणून. हे मला कुमुदने इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

तिचे अकरा पक्षी हा नियम मोडत होते. ते सगळे काळ्या मातीच्या माळावर मिळाले होते. आपल्याकडे कापसाची असते तशी चिकट, भेगाळणारी माती. आणि त्यांच्या पाठी विटेसारख्या तांबड्या होत्या. संग्रहालयाचे ड्रेपर साहेब सहसा कशाने हलत नसत. तेही म्हणाले होते, की ही नवी उपजात असावी आणि नियमाविरुद्ध आहे म्हणून महत्त्वाची. लेख स्वीकारला गेला, की पक्षी विभागात कुमुदला कायमची जागा द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. तशी जागा मिळाली तरच आम्हाला त्या देशात राहता येणार होतं. माझा करार डिसेंबरात संपत होता आणि तिचा परवाना माझ्या करारावर होता.

त्या दुपारी मी तिला आडून विचारलं, की लेबलावर मातीचा रंग कोण लिहितं. ती टाइप करतच म्हणाली, "किओको. ते माझं आहे, बरं का. बाकीचे नुसतं गाव आणि तारीख लिहितात. मी त्याला शिकवलं, पक्षी पडेल तिथली माती बघायची आणि लिहायची."

"तू शेवटची तिकडे कधी आली होतीस?"

"फेब्रुवारीत. तुमच्या खुंट्या ठोकत होते तेव्हा. का?"

मी म्हणालो, असंच.

फेब्रुवारीत तिथे नुसत्या खुंट्या होत्या आणि काळा माळ होता. काळ्या मातीवर रस्ता टिकत नाही. एप्रिलपासून आम्ही वरची माती काढून मुरूम टाकत होतो. तिकडेही त्याला मुरूमच म्हणतात. बावीस मैलांवरच्या खाणीतून लॉऱ्या भरून येत. तो मुरूम मी रोज पाण्यात धुऊन, चाळून तपासत होतो. त्याचा रंग विटेसारखा होता.

किओको संग्रहालयात पक्षी सोलून, कापूस भरून ठेवायचं काम करी. पन्नाशीचा, कांबा जमातीचा माणूस. सोमवारी तो माझ्या गाडीतून साइटवर यायचा आणि शुक्रवारी परतायचा, कारण संग्रहालयाकडे गाडी नव्हती. तो आठवडाभर पक्षी मारायचा, सोलायचा, लेबल बांधायचा. मला ते पक्षी कागदात गुंडाळलेलेच दिसायचे. मी त्याला माती दाखवत नव्हतो, तो मला पक्षी दाखवत नव्हता.

त्या सोमवारी गाडी चालवताना मी त्याला विचारलं, हे चंडोल धुळीची आंघोळ कुठे करतात.

"तुमच्या रस्त्यावर, फुंडी," तो म्हणाला. फुंडी म्हणजे मिस्त्री. मला चिडवायला तो तसं म्हणायचा. "सगळ्या जनावरांना तुमचा रस्ता आवडतो. फक्त लॉरीवाल्यांना आवडत नाही."

एकोणिसाव्या मैलावर आम्ही थांबलो. लॉऱ्या सुरू व्हायच्या होत्या. बाजूला ओतलेल्या मुरुमाच्या ढिगावर एक चंडोल पंख पसरून लोळत होता. कोंबडी राखेत लोळते तसा. अंगावर उडवून घेत होता, मान घुसळत होता. आम्ही दार उघडलं तसा उडाला आणि दोनशे पावलांवर काळ्या मातीतल्या वारुळावर जाऊन बसला.

"तिथे मारतो मी त्याला," किओको म्हणाला. "रस्त्यावर बंदूक चालवायची नाही, हे तुम्हीच सांगितलंय."

"आणि माती काय लिहितोस?"

"पडतो तिथली. काळी. मामाने तसंच शिकवलंय." कुमुदला तो मामा म्हणायचा, तिकडच्या भाषेत बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं.

मी म्हणालो, तुला कधी वाटलं नाही का, की हा रंग मुरुमाचा असेल. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"वाटलं की. मी ब्रश मारतो तेव्हा पुष्कळ झडतो. थोडा आत बसलेला राहतो. पण मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालं असेल. एका घरात राहता."

मी सोमवार, मंगळवार, बुधवार काम केलं. नमुने चाळले, वजनं लिहिली. मला फक्त नेहमीप्रमाणे वागायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलो असतो, तोवर लेख गेला असता, आणि मी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. पुढे कधीतरी कोणीतरी एक पक्षी धुतला असता आणि तिचं नाव त्या लेखावर असतं. तेही मला दिसत होतं. गुरुवारी सकाळी मी साइटवरच्या साहेबाला पोट बिघडल्याचं सांगितलं, गाडी शुक्रवारी किओकोला आणायला ठेवली आणि सिमेंटच्या रिकाम्या लॉरीत बसून नैरोबीला आलो.

कुमुद नुकतीच शाळेतून आली होती. "अहो, आज कसे? बरं नाही का?" असं म्हणत तिने माझ्या कपाळाला हात लावला. मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके, मुरूम, ढिगावरचा पक्षी, किओकोचं बोलणं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून नकाशा घेऊन आली आणि मला म्हणाली, रस्ता काढा. मी पेन्सिलीने हलकी रेघ ओढली. अकरा ठिपके रेघेला धरून होते. तिने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"खरं आहे म्हणून."

"की तुम्हाला हुपरीला जायचंय म्हणून?"

"खरं आहे म्हणून," मी पुन्हा म्हणालो.

ती म्हणाली, तसं असेल तर ठीक. पाकीट तयार होतं, तिकिटं लावलेलं. ते तिने कपाटावर ठेवून दिलं आणि भाजी चिरायला घेतली. गवार होती. नेहमीपेक्षा बारीक चिरली. रात्री जेवताना इतकंच म्हणाली, की शाळेतल्या पोरींना मी रोज शिकवते, स्वतः जाऊन बघा. आणि मी स्वतः एकदाच गेले.

संग्रहालयात पक्षी पाण्यात घालायची पद्धत नव्हती. कातडं खराब होतं म्हणून कोरडा ब्रशच फिरवत. शनिवारी ती मला घेऊन गेली आणि ड्रेपर साहेबांना म्हणाली, एक पक्षी धुऊ द्या. ते आधी नाही म्हणाले. मग तिने मला पुढे केलं. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत मुरुमाचं सांगितलं. साहेब ऐकत गेले आणि खुर्चीत मागे टेकले. सगळ्यांत वाईट भरलेला एक पक्षी त्यांनी स्वतः ट्रेमधून काढून दिला.

किओकोने कोमट पाणी आणलं. कुमुदने साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवला आणि पक्ष्याच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे फिरवला. बोळा तांबडा झाला. दुसरा घेतला, तोही झाला. पाच-सहा बोळ्यांनंतर पाणी चहासारखं दिसायला लागलं. मग स्पिरिट लावून, कॉर्नफ्लोअर शिंपडून किओकोने पुठ्ठ्याने वारा घातला. पिसं मोकळी झाली. पक्षी करडा-तपकिरी होता. कपाटातल्या नैरोबीच्या माळावरच्या पक्ष्यांशेजारी ठेवला तर वेगळा काढता आला नसता.

साहेब म्हणाले, सगळे धुवा.

चार तास लागले. मी बादल्या भरत होतो. वाटलं होतं, ती मध्येच उठेल. उठली नाही. एकदा फक्त किओको म्हणाला, की फुंडीने मामाच्या पक्ष्यांना रंग दिला, मजुरी मागितली नाही. कुमुद हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा हसली. दोन वाजेपर्यंत नऊ पक्षी करडे-तपकिरी होऊन कागदावर ओळीने पडले होते.

दोन झाले नाहीत.

त्यांच्यावर तिने दहा-दहा बोळे फिरवले. पहिले तीन तांबडे आले, मग पाणी स्वच्छ यायला लागलं. वाळवलं तरी पाठी तांबड्याच. तिने पिसं फुंकून मुळापर्यंत पाहिली आणि लेबलं वाचली. एक तेहतिसाव्या मैलावरचा, एक पस्तिसाव्या. टेकडीच्या पलीकडचे. दोन्ही जुलैतले.

"अहो," ती म्हणाली, "जुलैत टेकडीपलीकडे मुरूम पोचला होता का?"

हे तिथे फक्त मलाच माहीत होतं. मी तारखा आठवून सांगितल्या. पलीकडे पहिली लॉरी गेली ती ऑगस्टच्या शेवटी. जुलैत तिथे वाऱ्याने उडालेली थोडी धूळच काय ती पोचत होती आणि तिथली माती काळीच होती.

ती ताठ बसली. साहेबही उठून आले. बाकीच्या बोलण्याचा सारांश असा, की दोन पक्ष्यांवर उपजात उभी राहत नाही. वीस हवेत, रस्त्यापासून लांबचे, टेकडीच्या पूर्वेचे, पावसाआधीचे आणि नंतरचे. आणि सगळे धुतलेले. साहेब म्हणाले, जागा मी जूनअखेरपर्यंत भरत नाही, तोवर पक्षी आणा. घरी येताना बसमध्ये कुमुद माझ्या खांद्याला टेकून झोपली. उतरायच्या आधी जागी होऊन म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाही तर ते दोघे त्या नऊंमध्येच राहिले असते."

पुढच्या बुधवारी आमच्या साइटच्या हरबन्ससिंग साहेबांनी मला तंबूत बोलावलं. टेकडीपलीकडे पुलाचे भराव घालायचे होते आणि तिथली माती ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. डिसेंबरनंतर आठ महिने राहशील का, असं त्यांनी विचारलं. मला वाटतं त्यांना नकाराची कल्पनाच नव्हती, कारण बोलता बोलता ते नवा फॉर्म काढत होते.

मी म्हणालो, नाही जमणार. आई एकटी आहे.

आई एकटी नव्हती. भाऊ-भावजय होते. मी थकलो होतो, एवढंच. नऊ वर्षं धूळ खाल्ली होती, खोकला जात नव्हता. त्या माळावर उभा राहिलो, की मला हुपरीचा ओढा आठवायचा आणि दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही. करार संपायला किती दिवस राहिले हे मी जूनपासून मोजत होतो. कुमुदला हे मी कधी बोललो नव्हतो, तरी तिला दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलो. तिने पाणी दिलं, मला बूट काढू दिले, मग विचारलं.

"कंपनीकडे जूनपर्यंत काही काम मिळेल का हो? कसलंही. नकाशे काढायचं सुद्धा."

"नाही," मी म्हणालो.

"विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले."

ती माझ्याकडे बघत होती. मी मोजे काढत होतो. मागच्या गुरुवारी ती म्हणाली होती, तसं असेल तर ठीक, आणि माझ्यावर विश्वास ठेवला होता. तो तिने आताही ठेवला. मी आठवडाभरापूर्वीच खरं बोललो होतो, त्यामुळे मला तो आयताच मिळाला.

"बरं," ती म्हणाली. "मग पेट्या बघायला हव्यात."

जानेवारीत आम्ही बोटीने निघालो. त्याआधी तिने त्या दोन पक्ष्यांसाठी वेगळा ट्रे मागून घेतला आणि त्यांच्या लेबलांवर पेन्सिलीने लिहिलं, की धुतलेले आहेत, रंग टिकला, पुन्हा पाहावं. नऊ पक्ष्यांवर तिने दोन पानांची टीप लिहिली. धुळीचा रंग उपजात म्हणून मोजू नये, चंडोल आधी धुवावेत. ती छापून आली. तिच्या नावावर छापलेलं तेवढंच आहे. पुढे इचलकरंजीच्या एका शाळेत तिने चोवीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांना ती आवडायची. त्या दोन पक्ष्यांकडे कोणी पुन्हा पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ड्रेपर साहेबांची पत्रं आधी यायची, मग थांबली.

हुपरीत माझा खोकला दोन महिन्यांत गेला.

मागच्या वर्षी भाद्रपदात तिला दवाखान्यात ठेवलं होतं. किडन्या गेल्या होत्या. दुपारी ती बहुतेक झोपून असायची. मी शेजारच्या स्टुलावर पेपर वाचायचो. एके दिवशी डोळे न उघडताच म्हणाली, "अहो, तो रस्ता आता डांबरी झाला असेल ना?"

मला आधी कळलंच नाही कोणता. मग म्हणालो, कधीच झाला असेल. पन्नास वर्षं होत आली.

"म्हणजे धूळ नसणार. पक्षी आता स्वच्छ असतील. नुसतं गाडीतून बघितलं तरी कळेल, टेकडीपलीकडचे तांबडे आहेत का." जरा दम घेऊन म्हणाली, "मला सहा महिने मिळाले असते तर कळलं असतं. पण काम नव्हतं, त्याला काय करणार. तुम्ही तरी किती विचाराल."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पलीकडची खाट त्या दिवशी रिकामी होती. मी पेपरची घडी केली. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मी चमच्याने दोन घोट पाजले, ओठ पुसले. तिने पुन्हा डोळे मिटले.